अर्ज नको, पत्र लिहा : ब्रिटिश एजंटला कादंबरी पाठवताना

"रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट..."

मिरजेच्या एका काकांनी लंडनमधल्या लिटररी एजंटला पाठवायचं पत्र मला दाखवायला आणलं, त्याची ही पहिली ओळ. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस, निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आलेला, तीन हिवाळे खपून इंग्रजीत कादंबरी पुरी केलेली. कादंबरी मी वाचली होती, चांगली होती. पत्र वाचून मात्र वाटलं, काका कर्जाचा हप्ता लांबवून मागताहेत.

"काय गं, जरा जास्त झालं का?"

"काका, तुम्ही त्यांना धंदा द्यायला निघालाय, आणि चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिलाय."

खरं तर मी हसायला नको होतं. माझं स्वतःचं पहिलं पत्रही याच घराण्यातलं होतं. शाळेत पत्रलेखनाचे गुण "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती" लिहिल्याशिवाय पदरात पडायचे नाहीत, आणि तोच वळलेला हात पुढे इंग्रजीतही चालत राहतो. पण एजंटला पाठवायचं कव्हर लेटर हा अर्ज नाही. मिरजेचा तंबोरेवाला मुंबईच्या दुकानदाराला लिहील तशी ती चिठ्ठी आहे: माझ्याकडे असा असा माल आहे, तुमच्या दुकानात तो शोभेल असं मला या कारणानं वाटतं, नमुना सोबत पाठवलाय. एवढंच. पण एवढंच लिहायला काकांना आणि मला तीन रविवार लागले. त्या तीन रविवारांतून जे हाती लागलं ते, आणि माझ्या स्वतःच्या खटपटीतून शिकलेलं थोडं, इथे लिहिते आहे.

आधी, हा एजंट कोण?

मराठीत ही जमात जवळपास नाहीच. आपल्याकडे लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो, नाहीतर दिवाळी अंकात काही वाचून प्रकाशकच फोन करतो. ब्रिटनमध्ये पेंग्विन रँडम हाउस, हार्परकॉलिन्स, हॅशेट, पॅन मॅकमिलन, सायमन अँड शुस्टर ही मोठी प्रकाशनं सहसा एजंटमार्फत आलेलीच कादंबरी वाचतात. एजंट ती योग्य संपादकांपर्यंत नेतो, घासाघीस करून करार ठरवतो, परदेशातले आणि चित्रपटाचे हक्क विकतो आणि लेखकाच्या मिळकतीतून आपला हिस्सा घेतो. ब्रिटनमधल्या विक्रीवर साधारण १५ टक्के, परदेशी आणि भाषांतराच्या हक्कांवर बहुधा २० टक्के. तेही पुस्तक विकलं गेलं तर आणि तेव्हाच.

म्हणून वाचनशुल्क, नोंदणी फी किंवा 'संपादन पॅकेज' असं काही मागणारा कोणी भेटला, तर तो एजंट नव्हे. असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स ही त्यांची १९७४ पासूनची संघटना आहे. तिच्या सदस्यांना आचारसंहिता पाळावी लागते आणि सदस्यांची यादी कोणालाही पाहता येते. हल्ली आणखी एक प्रकार चालतो. खऱ्या एजंटचं नाव लावून, जीमेलच्या पत्त्यावरून, "तुमची कादंबरी आम्हाला फार आवडली" अशी मेल येते. तुम्ही कुठे काही पाठवलेलंच नसतं! अशा वेळी एजन्सीच्या संकेतस्थळावर जाऊन पत्ता ताडून पाहावा. कौतुकानं विरघळलेला लेखक फार सोपा गिऱ्हाईक असतो, हे मी स्वतःवरून सांगते.

पत्राला हात घालण्यापूर्वी

कादंबरी पूर्ण हवी. कथेतर पुस्तक असेल तर प्रस्तावावर काम भागतं, पण पहिल्या कादंबरीच्या बाबतीत "उरलेली सहा महिन्यांत देतो" चालत नाही. आज तीन प्रकरणं आवडली तर उद्या सकाळी ते सगळी मागतील, आणि तेव्हा ती तुमच्या संगणकात तयार असायला हवी.

लांबी शब्दांत मोजतात, पानांत नाही. प्रौढांसाठीच्या पहिल्या कादंबरीला ८० हजार ते एक लाख शब्द हा सुरक्षित पट्टा. फँटसीला थोडी जास्त सूट मिळते. काकांची कादंबरी आधी १ लाख ६४ हजार शब्दांची होती. तो आकडा पत्रात वाचला की एजंट एवढंच ओळखतो की या माणसाने अजून कात्री हातात घेतलेली नाही. काकांनी ती घेतली. कुरकुरत, पण घेतली.

आता एक गोंधळ सोडवून टाकू. इंटरनेटवर 'क्वेरी लेटर' (अशा पत्राचं अमेरिकी नाव) शोधलंत की नव्वद टक्के सल्ला अमेरिकेचा निघतो. तिथे पत्रावर फार मोठा भार असतो, कारण अनेकदा सोबत फक्त काही पानं जातात, कधी तीही नाहीत. ब्रिटनमध्ये रिवाज तीन गोष्टी एकत्र पाठवण्याचा आहे: पत्र, सिनॉप्सिस (कथानकाचा सारांश) आणि कादंबरीची सुरुवात. सुरुवात म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिली तीन प्रकरणं किंवा पहिले दहा हजार शब्द. प्रत्येक एजन्सीचा नियम तिच्या संकेतस्थळावर लिहिलेला असतो, आणि तोच पाळायचा. पहिली तीन म्हणजे पहिलीच तीन. "सातवं प्रकरण फार रंगलंय म्हणून तेही जोडलं" असं करू नये. सातवं रंगलं असेल आणि पहिलं नसेल, तर पहिल्यावर काम करावं.

नमुना पाने सोबत जात असल्यामुळे ब्रिटिश पत्राचं काम हलकं होतं. त्याने कादंबरी विकायची नसते, जोडलेली फाइल उघडायला लावायची असते. हे ध्यानात आलं की पत्रातलं निम्मं अवडंबर आपोआप गळून पडतं.

सिनॉप्सिसबद्दल एकच सांगते: ती एका पानाची असते आणि तिच्यात शेवट सांगायचा असतो. खुनी कोण, लग्न होतं की नाही, सगळं. आपल्याला पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या पाठराखणीची सवय, त्यामुळे "पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा" असं लिहायचा मोह होतो. ते सिनॉप्सिसमध्ये चालत नाही, पत्रात चालतं.

कोणाला पाठवायचं

ब्लूम्सबरी ही प्रकाशनसंस्था दरवर्षी 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक' काढते. १९०६ पासून चालत आलेला हा जाडजूड ठोकळा आहे आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत मिळतो. त्यात एजन्सींची यादी सापडते. पण मला स्वतःला उपयोगी पडलेली युक्ती वेगळी आहे. तुमच्या कादंबरीच्या जातकुळीची, अलीकडे आलेली पुस्तकं वाचनालयातून काढा आणि थेट शेवटचं ऋणनिर्देशाचं पान उघडा. लेखक तिथे आपल्या एजंटचे आभार मानतोच मानतो. चार शनिवार असे घालवलेत तर वीसेक नावांची यादी होते, आणि ती कुठल्याही छापील यादीपेक्षा खरी असते, कारण या लोकांनी तसली पुस्तकं खरोखर विकलेली असतात.

मग प्रत्येकाचं पान उघडून पाहा. तो सध्या नवं काम घेतोय का? काय हवं म्हणून लिहिलंय? मोठ्या एजन्सीतला नवा, अजून स्वतःची यादी बांधत असलेला एजंट हा नवख्या लेखकासाठी चांगला. एका एजन्सीत एकाच एजंटला पाठवावं, कारण कादंबरी शेजाऱ्याला जास्त आवडेलसं वाटलं तर ते आपसात देतात. एका वेळी सहा ते आठ जणांना पाठवणं बरं. सगळ्या वीसजणांना एकदम पाठवलंत आणि पत्रातच खोट निघाली, तर दुसऱ्या डावाला गडी उरत नाहीत.

भारतात राहून पाठवता येतं का, हे मला सतत विचारतात. येतं. पत्ता पुण्याचा असो की पणजीचा, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. फक्त कुठे राहता ते पत्रात एका शब्दात सांगून टाका.

आता पत्र

एक पान. तीनशे ते चारशे शब्द. त्याहून मोठं झालं तर काहीतरी दोनदा सांगितलं गेलंय.

संबोधनात एजंटचं नाव हवं, आणि त्याचं स्पेलिंग एजन्सीच्या संकेतस्थळावर आहे अगदी तसंच. 'डिअर सर ऑर मॅडम' म्हणजे तुम्ही नाव शोधायचेही कष्ट घेतले नाहीत, आणि 'रिस्पेक्टेड' हा शब्द तिथल्या पत्रात कोणी वापरत नाही. प्रकाशनाच्या धंद्यात लोक सर्रास पहिल्या नावाने लिहितात. आपल्याला ते उद्धटपणाचं वाटतं, पण त्यांना नाही वाटत. फारच अवघड वाटलं तर पूर्ण नाव लिहा. स्त्री की पुरुष हे नक्की नसेल तरीही हाच मार्ग. आणि पाठवण्यापूर्वी नाव पुन्हा एकदा वाचा. मी एकदा पाचव्या एजंटला चौथीच्या नावाचं पत्र पाठवून दिलं होतं. उत्तर अर्थातच आलं नाही, आणि त्या बाईंना दोष देता येत नाही.

पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी बसवायच्या: कादंबरीचं नाव, प्रकार, शब्दसंख्या आणि "तुम्हालाच का". ही शेवटची गोष्ट खरी असेल तरच लिहा. "तुमच्या प्रतिष्ठित संस्थेची कीर्ती ऐकून" हे शंभर एजंटांना लागू पडतं, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाही. "तुम्ही मुलाखतीत म्हणाला होतात की हस्तकलेच्या जगात घडणारी रहस्यकथा तुम्हाला हवी आहे" हे एकाच माणसाला लागू पडतं. असं काही सापडलं नाही तर गप्प बसावं, थेट कादंबरीकडे वळावं. खोटी स्तुती लांबून ओळखू येते. आणखी एक बारीकशी गोष्ट: 'फिक्शन नॉव्हेल' असं लिहू नये. कादंबरी काल्पनिकच असते.

पिच: इथे रविवार गेले

दुसरा परिच्छेद म्हणजे पिच. कादंबरीत काय आहे ते एक-दोन वाक्यांत, आणि मग त्याचा शंभर-दीडशे शब्दांचा विस्तार. काकांनी लिहिलं होतं (मराठीत सांगते): "ही कादंबरी परंपरा आणि आधुनिकता यांच्यातील चिरंतन संघर्षाचे चित्रण करते आणि मानवी मनाचे विविध पैलू उलगडून दाखवते."

हे प्रकाशन समारंभातलं अध्यक्षीय भाषण झालं. यातून कादंबरी मिरजेची आहे की मंगळावरची, हेही कळत नाही.

मी वही मिटली आणि म्हटलं, "काका, पत्र विसरा. कादंबरीत काय होतं ते मला सांगा."

"अगं, ती शबाना असते ना, मिरजेत सतारमेकर गल्लीत, तिला लंडनच्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एक तंबोरा दिसतो. शंभर वर्षांपूर्वीचा, तिच्या पणजोबांनी केलेला, म्हणून छापलेलं असतं. आणि हिला माहीत असतं की तो हिनेच केलाय. एकोणीस वर्षांची असताना, रात्री चोरून, कारण त्यांच्या कारखान्यात बायकांनी वाद्याला हात लावायचा नाही. आता सांगितलं तर घराण्याची अब्रू जाणार, आणि गप्प बसली तर हिच्या हातचं सगळ्यात चांगलं काम कायमचं पणजोबांच्या नावावर जाणार."

"झालं. हेच लिहा."

"एवढंच? आणि तो परंपरेचा संघर्ष?"

"तो त्यातच आला की."

पिच लिहिताना कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय, आणि नाही जमलं तर काय गमावणार, ही उत्तरं सापडली की बस्स. काकांच्या तोंडी ती सगळी होती. कागदावर उतरताना ती शालजोडीत गुंडाळली गेली होती. तुम्हालाही अडलं तर कोणाला तरी फोनवर गोष्ट सांगा आणि स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. तोंडी सांगताना आपण चिरंतन वगैरे म्हणत नाही.

विस्तार करताना दोन-तीन पात्रांपेक्षा जास्त नावं घेऊ नका. परक्या वाचकाला शबाना, शमशाद आणि शाहीन एका परिच्छेदात भेटल्या तर तो तिघींनाही विसरतो. कथा साधारण निम्म्यापर्यंत आणा आणि निर्णयाच्या तोंडाशी सोडा. शेवट सिनॉप्सिससाठी ठेवा.

आपल्या मातीतल्या कादंबरीला इथे एक वेगळीच अडचण येते: किती समजावून सांगायचं? काकांच्या कादंबरीचं नाव 'जवारी'. तंबोऱ्याची घोडी घासून घासून तारेला जो गुंजारव आणतात, ती जवारी. पत्रात काकांनी त्यावर अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. तो काढून आम्ही अर्धं वाक्य ठेवलं: "तारेला गुणगुणायला लावणारी ती कारागिरी, जी शिकायला अर्धं आयुष्य जातं." बाकीचं एजंट विसरेल, पण 'शिकायला अर्धं आयुष्य' लक्षात ठेवेल. शब्द मराठीच राहू द्यावा, एकदा ओझरता अर्थ द्यावा आणि पुढे चालावं. उलट दिशेची घसरणही टाळावी. मसाल्यांचा दरवळ, पहिल्या पावसाचा मृद्गंध, आजीची पैठणी हे सामान परदेशी वाचकासाठी म्हणून पत्रात आणून ठेवायचं नाही. कादंबरीत नसेल ते पत्रात कुठून आलं?

तुलना आणि ओळख

ब्रिटिश एजंटांना 'कॉम्प्स' आवडतात, म्हणजे तुमची कादंबरी दुकानात कुठल्या पुस्तकांच्या शेजारी बसेल ते. दोन नावं पुरेत, शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतली, आणि सगळ्या जगाने वाचलेलं महापुस्तक त्यात नको. त्यातून "मीही तितकाच खपणार" एवढाच अर्थ निघतो. तुलना गुणवत्तेची नसते, वाचकवर्गाची असते. "अमक्या पुस्तकातल्या घराण्याच्या गुपितांची ओढ आणि तमक्यातला लिलावाच्या जगाचा ताण ज्यांना आवडला, त्यांच्यासाठी" असं लिहिता येतं. ती दोन्ही पुस्तकं स्वतः वाचलेली असावीत, हे सांगायला नको. पण सांगते.

लेखकाची ओळख हा भाग वाचताना मी काकांवर जरा चिडलेच. बी.कॉम., सीएआयआयबी ही बँकेची परीक्षा, १९८७ सालच्या आंतरशाखा निबंध स्पर्धेत दुसरा क्रमांक, नातवंडं दोन. आणि कादंबरी त्यांनाच का लिहिता आली, याबद्दल अवाक्षर नाही! खोदून विचारलं तेव्हा कळलं की मिरजेच्या शाखेत असताना तंतुवाद्याच्या कारखान्यांची कर्जं काकांकडे होती. तपासणीला म्हणून जायचे आणि दुपारभर बसायचे. पंढरपूरकडून आलेले भोपळे कसे वाळवतात, जवारी काढणारा माणूस कान लावून कसा थांबतो, हे सगळं त्यांनी कर्जाच्या फायली मांडीवर ठेवून पाहिलेलं.

"हे कशाला लिहायचं? ते तर नोकरीचं काम होतं."

हेच लिहायचं. ओळखीत पदव्या कमी आणि कादंबरीशी असलेला संबंध जास्त. काही छापून आलं असेल, पुरस्कार मिळाला असेल, लेखनाचा अभ्यासक्रम केला असेल तर एका वाक्यात. मराठीतलं प्रकाशित लेखनही जरूर सांगा. "मराठी मासिकांत कथा प्रकाशित" एवढं पुरे, अंकांची यादी नको. काहीच नसेल तर काहीच नसू द्या. पहिली कादंबरी असण्यात कमीपणा नाही. "मी लेखक नाही, पण..." हे वाक्य मात्र खोडाच. बायकोला, मुलीला, गटातल्या मित्रांना आवडली, हेही खोडा. त्यांना आवडणारच.

शेवटी काकांचं पत्र, पूर्ण

मूळ अर्थातच इंग्रजीत आहे. इथे मराठीत देते, म्हणजे सूर कळेल. पुस्तकांची नावं तुमची तुम्ही भरा.

"प्रिय अमुक,

'जवारी' ही ९४ हजार शब्दांची कादंबरी आहे, साहित्यिक वळणाची रहस्यकथा. कारागिरांच्या जगातल्या कथा तुम्हाला वाचायच्या आहेत असं तुमच्या पानावर वाचलं, म्हणून तुम्हाला पाठवतो आहे.

मिरज या महाराष्ट्रातल्या गावी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणाऱ्या घरात शबाना वाढली आहे. एके दिवशी लंडनच्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तिला तिच्या पणजोबांचा म्हणून छापलेला, शंभर वर्षं जुना तंबोरा दिसतो. तो अकरा वर्षांपूर्वी तिने स्वतः केला होता, रात्री, लपून, कारण त्या कारखान्यात बायका वाद्याला हात लावत नाहीत. भोपळ्याच्या आत तिची खूण आहे. ती दाखवली तर घराण्याचं नाव बनावटगिरीत जाईल आणि कर्जात बुडालेला कारखाना बंद पडेल. गप्प राहिली तर तिच्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम मेलेल्या माणसाचं होईल. लिलावाला नऊ दिवस आहेत, आणि तंबोरा लंडनला कोणी पोचवला हे तिला अजून माहीत नाही.

(पहिलं पुस्तक) आणि (दुसरं पुस्तक) आवडलेल्या वाचकांना ही कादंबरी आवडेल असं मला वाटतं.

मी मिरजेचा. बँकेत असताना तंतुवाद्यांच्या कारखान्यांची कर्जखाती मी अनेक वर्षं सांभाळली आणि त्या कार्यशाळांत पुष्कळ दुपारी काढल्या. सध्या मिल्टन कीन्सला राहतो. ही माझी पहिली कादंबरी.

सिनॉप्सिस आणि पहिली तीन प्रकरणं जोडली आहेत. इतर काही एजंटांनाही पाठवली आहेत.

वेळ दिल्याबद्दल आभार.

आपला,
(नाव, फोन)"

यात "थँकिंग यू इन अँटिसिपेशन" नाही. 'काइंडली डू द नीडफुल' नाही. सात भागांची मालिका होणार, चित्रपट निघेल, हेही नाही. कॉपीराइटचं चिन्हही नाही. तुमचं लेखन तसंही तुमचंच असतं, आणि ते चिन्ह पाहून एजंटला वाटतं की तुम्हाला त्याच्यावरच संशय आहे. इतरांनाही पाठवलंय हे सांगण्यात मात्र काही वावगं नाही. तिथे सगळे तसंच करतात.

काही वेगळी प्रकरणं

कादंबरी आधी ॲमेझॉनवर स्वतः प्रकाशित केली असेल तर ते लपवू नका. दोन मिनिटांत सापडतं. भारतात एखाद्या प्रकाशनाने काढली असेल तर कोणत्या प्रदेशाचे हक्क दिलेत ते करारात पाहा आणि पत्रात सांगा. ब्रिटिश प्रकाशक अनेकदा 'ब्रिटन आणि राष्ट्रकुल' असे हक्क मागतात आणि त्यात भारतही येऊ शकतो. ते आधीच विकलेले असतील तर एजंटला पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद पाठवायचा असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी हातात हवी, आणि पत्रात मूळ भाषा, मूळ प्रकाशन आणि अनुवादकाचं नाव वर यायला हवं. इथे मी एजंटांपेक्षा छोट्या प्रकाशनांकडे आधी पाहीन. २०२२ मध्ये हिंदीतून आणि २०२५ मध्ये कन्नडमधून आलेल्या पुस्तकांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, ती दोन्ही ब्रिटनमध्ये छोट्या स्वतंत्र प्रकाशनांनी काढलेली होती. अशी काही प्रकाशनं ठरावीक काळात थेट लेखन स्वीकारतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली का, असं हल्ली अनेक एजन्सी विचारतात. खरं उत्तर द्या. आणि पत्र तरी तिच्याकडून लिहून घेऊ नका. ते वाचायला गुळगुळीत लागतं आणि काकांच्या कर्जाच्या फायली त्यात कधीच येणार नाहीत.

पाठवणं आणि नंतर

काही एजन्सी ईमेल घेतात, काही ऑनलाइन फॉर्म. ईमेल असेल तर पत्र मेलमध्येच लिहायचं आणि सिनॉप्सिस व प्रकरणं वेगळ्या वर्ड फाइलमध्ये जोडायची. फाइलला तुमचं आणि कादंबरीचं नाव द्या. 'फायनल फायनल २' नावाची फाइल कोणाची ते कोणी ओळखणार नाही. अक्षर साधं, १२ पॉइंट, दोन ओळींत दुप्पट अंतर, पानांना क्रमांक. स्पेलिंग ब्रिटिश ठेवा. हे आपल्याला शाळेपासून येतं, फक्त संगणकाची भाषा अमेरिकन राहिलेली नाही ना ते बघा.

मग एक तक्ता करा: कोणाला, कधी, त्यांनी सांगितलेली मुदत, उत्तर. सहा ते बारा आठवडे नेहमीचेच. वसंतातला लंडन बुक फेअर आणि ऑक्टोबरातला फ्रँकफर्टचा मेळा यांच्या आसपास आणखी उशीर होतो. बारा आठवड्यांत उत्तर नाही म्हणजे नकार समजा, असं पुष्कळ एजन्सी स्पष्ट लिहितात. तसं लिहिलेलं नसेल तर मुदत उलटल्यावर दोन ओळींची आठवण पाठवायला हरकत नाही. नकार बहुधा साच्यातला असतो, त्यात गूढ अर्थ शोधू नये आणि उलट उत्तर तर मुळीच लिहू नये. सहा-आठ नकार नुसतेच आले तर पुढची खेप थांबवून पत्र आणि पहिली पानं पुन्हा तपासा. पूर्ण कादंबरी मागवून मग नकार आला, तर पत्राने आपलं काम केलंय, दुरुस्ती आत हवी.

कोणी पूर्ण मागितली तर त्याच दिवशी पाठवा. कोणी प्रतिनिधित्व देऊ केलं तर लगेच हो म्हणू नका. बाकीच्यांना कळवून साधारण दोन आठवडे द्या. करार आला की नीट वाचा. १८८४ पासूनची सोसायटी ऑफ ऑथर्स ही लेखकांची संघटना आपल्या सदस्यांचे करार तपासून देते.

काकांनी सहा जणांना पाठवलं. तीन नकार, दोघांकडून शांतता, आणि एका तरुण एजंटने गेल्या मंगळवारी पूर्ण कादंबरी मागवली. तिच्या दोन ओळींच्या मेलमध्ये एकच प्रश्न होता: बँकेचा माणूस कादंबरीतही आहे का? काकांनी फोन करून मला विचारलं, "नाहीये गं. असायला हवा होता का?"